तुळशीच्या वाफ्यातला आदिमानव

संस्कृती म्हणजे दुसरं काही नसून, खाऊन उरलेलं कुठे टाकायचं याबद्दल समाजात झालेलं एकमत होय. मुलुंड पूर्वेच्या श्रीतीर्थ सहकारी गृहनिर्माण संस्थेत हे एकमत फार भक्कम आहे. ही संस्था श्रावण पाळते. गटारीला तिचे बहुतेक सभासद मटणाच्या दुकानासमोर एकमेकांना रांगेत भेटतात आणि अमावास्या उलटली की मटण हा शब्दही कोणी तोंडातून काढत नाही. गेटवर तशी पाटी आहे: 'श्रावण पाळणारी सोसायटी'. (पाटी बारा महिने असते. डिसेंबरात येणारे पाहुणे थोडे गोंधळतात.)

या व्रताचा महिमा चेअरमन विद्याधररावांच्या कुत्र्यावरही दिसतो. कुत्र्याचं नाव पेढा. तो फक्त दहीभात खातो, असं विद्याधरराव सांगतात. रोज संध्याकाळी तो एकटाच जिने चढून मजल्यामजल्यावर जाऊन येतो. विद्याधरराव याला जनसंपर्क म्हणतात. श्रावणात सभासदांची वजनं सरासरी दीड किलोने घटतात (हा आकडा सभासदांनीच दिला आहे) आणि पेढ्याचं चार किलोने वाढतं. सात्त्विक वातावरण मुक्या प्राण्याला मानवतं, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आहे.

नियमाला अपवाद एकच, तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू सहदेव परब. आजोबा मालवणहून येऊन गिरणीत लागले, वडीलही गिरणीतच. सहदेव लिफ्ट दुरुस्त करतात. ते श्रावण पाळत नाहीत आणि, त्याहून गंभीर म्हणजे, पाळत नाही असं सांगतात. भांडुपच्या बाजारातली बांगड्यांची पिशवी लिफ्टमधून उघडपणे वर नेतात आणि काटे ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतात. सोसायटी ओल्या कचऱ्याचं खत करते, त्यामुळे सफाईवाला कुंडलिक कोणाच्या डब्यात काय आहे हे रोज बघतो, आणि मग सगळ्यांना कळतं.

अशा परिस्थितीत श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात तुळशीचा वाफा उकरताना माळ्याला टोपलीभर हाडं सापडली, तेव्हा कार्यकारिणीला फार डोकं खाजवावं लागलं नाही. श्रावणात सोसायटीत एकच माणूस खातो. खाल्ल्याशिवाय हाडं उरत नाहीत. सबब हाडं परबांची. त्यांचा भाडेकरार त्याच महिन्यात संपत होता आणि पुढे राहायचं तर सोसायटीची ना-हरकत लागत होती. ती रोखण्यात आली. मुलगी मानसी दहावीला होती आणि शाळा समोरच्या गल्लीत होती, पण या बाबी उपविधीत बसत नव्हत्या.

सहदेव चेअरमनच्या दारात गेले. "मी खातंय तां सगळ्यांका म्हायत आसा. मग पुरून कित्याक ठेवतलंय?"

"तेच म्हणतो मी," विद्याधरराव म्हणाले. "उघड एवढं खाणारा माणूस लपून किती खात असेल?"

सहदेव आल्या पावली परतले. म्हणून सहदेवांची बायको रुचिरा दुसऱ्या मजल्यावर अनुपमाकडे गेली. अनुपमा पार्ल्याच्या एका कॉलेजात शिकवते. प्रागैतिहासिक माणसाचं जनावरांशी नातं काय होतं, हे ती त्याने टाकलेल्या हाडांवरून आणि हाडांच्या हत्यारांवरून शोधते. हाडावरची सुरी, दात, जाळ, सगळं तिला वाचता येतं. सोसायटी तिला हाडांची बाई म्हणते, अर्थात आदराने.

"ताई, आमची पार वाट लागलीय. तुम्ही एकदा बघा ना ती हाडं," रुचिरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दहा हजार वर्षांपूर्वीची माणसं कधी दारात येऊन रडली नव्हती, त्यामुळे अनुपमा गडबडली आणि हो म्हणाली. कार्यकारिणीनेही परवानगी दिली. घराबाहेर काढायचं तर शास्त्रीय आधाराने काढावं, ते जास्त शोभतं, असं मत पडलं.

सोसायटीच्या ऑफिसात वर्तमानपत्र पसरून अनुपमाने जुन्या टूथब्रशने एकेक हाड घासलं. बकरे कमीत कमी पाच. कोंबड्या पुष्कळ. खाटकांच्या सुऱ्या तीन वेगवेगळ्या, म्हणजे घरं अनेक. आणि माशाचा काटा एकही नाही. मालवणी माणसाने केलेल्या खड्ड्यात काटा सापडू नये, हे शास्त्राला मान्य होण्यासारखं नाही. सहदेव सुटले होते.

पुढचं तिला अर्ध्या तासात दिसलं. झाडून सगळ्या हाडांवर कुत्र्याचे दात होते. कुंडलिकच्या नजरेला पडू नये म्हणून घराघरातून हाडं संध्याकाळी पेढ्याला जात होती आणि पोट भरलं की पेढा उरलेली तुळशीत पुरत होता. माणूस आणि कुत्रा यांच्यात पंधरा हजार वर्षांपूर्वी झालेला करार मुलुंडमध्ये शब्दशः पाळला जात होता. तिला भरून आलं. ज्यावर नुसती व्याख्यानं दिली ते डोळ्यांसमोर होतं.

मग ती एका नळीशी थांबली. ही नळी इतरांसारखी चेचलेली नव्हती. नेमक्या जागी एकच घाव घालून ती तिरकी उकलली होती, आतला गर अखंड निघावा म्हणून. अश्मयुगात हे दगडाने करत. आज मुलुंडमध्ये हे एकाच बाईला जमतं आणि ती खलबत्त्यातला बत्ता वापरते. अनुपमाला लाज वाटली, आणि काम सुबक झाल्याचं समाधानही वाटलं. नळी तिने पर्समध्ये टाकली.

रविवारी विशेष सर्वसाधारण सभा भरली. गणसंख्या पहिल्यांदाच पूर्ण होती. परब कुटुंब मागच्या खुर्च्यांवर बसलं होतं. अनुपमाने काट्यांचा मुद्दा मांडला, मग दातांचा, आणि शेवटी म्हणाली, "कुठल्या घरातून काय आलं, ते शोधणं सोपं आहे. आज संध्याकाळी पेढ्याला सोडू आणि आपण सगळे मागून जाऊ. तो कुठल्या दारांशी थांबतो ते बघू."

सेक्रेटरी जयंतीताईंनी पाणी मागवलं.

"मॅडम," विद्याधरराव सावकाश म्हणाले, "ही हाडं फार जुनी तर नसतील? म्हणजे आदिमानवाची वगैरे?"

"हाडाला हळद लागलीय, काका."

"आपली परंपरा प्राचीनच आहे," विद्याधरराव म्हणाले आणि त्यांनी टोपलीतून एक बारीक, टोकदार हाड उचलून सभेला दाखवलं. "ही बघा सुई. हाडाची. अश्मयुगीन." ते कोंबडीच्या तंगडीतलं काडीसारखं हाड होतं. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी तंगडी खाल्ली होती त्यांनी ते ओळखलं, म्हणजे सगळ्यांनीच. पण श्रावणात ओळख दाखवायची पद्धत नाही. टाळ्या पडल्या.

"तुम्ही फक्त सही करा," जयंतीताई म्हणाल्या.

अनुपमाने मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मानसी नखं खात होती. पर्समधली नळी मांडीला टोचत होती. "सही नाही करणार," ती म्हणाली. "पण तुम्ही ठराव केलात तर मी विरोध करणार नाही. फक्त एक लिहा. परब इथे चार वर्षांपूर्वी आले. अश्मयुग त्याआधी संपलं होतं."

ठराव एकमताने झाला. हाडं आदिमानवाची ठरली आणि परबांना ना-हरकत मिळाली, एका अटीवर: यापुढे कचऱ्यात काटे दिसता कामा नयेत. "मग टाकू खय?" असं सहदेवांनी विचारलं, तेव्हा सगळ्या सभेने एकाच वेळी पेढ्याकडे पाहिलं.

आता तुळशीपाशी दुसरी पाटी आहे: 'येथे अश्मयुगीन मानवाची वस्ती होती. कृपया खणू नये.' शाळांच्या सहली येतात. अनुपमा मुलांना माहिती सांगते. फक्त 'होती' या शब्दाशी आली की तिला ठसका लागतो.

तुमच्या सोसायटीत असलं काही चालत नाही, हे मान्यच आहे. तेव्हा येत्या श्रावणात संध्याकाळी एखादा गुबगुबीत कुत्रा तुमच्या बिल्डिंगचे जिने चढताना दिसला, तर कौतुकाने बघा, पण चारचौघांना घेऊन त्याच्या मागे जाऊ नका. तुमचं दार त्याला पाठ आहे.