दोन गुणांच्या स्वारीची हकीकत

सकळ गुणपत्रिकाधारकांस जाहीर व्हावे की, प्रगत अल्गोरिदम या विषयाचे मैदानी जे रण माजले, त्याचा मजकूर विचारण्यात आला, सबब पाहिले तैसे, तिखटमीठ न लाविता, लिहितो.

विद्यापीठाच्या संगणक विभागात राजमान्य प्राध्यापकसाहेब यांचा अंमल वीस वर्षे अबाधित होता. पदव्या अपार, पुस्तक एकच, तेही दुसऱ्याचे. आणि पिवळी पडलेली टिपणवही हीच त्यांची गढी, तीतून सहसा बाहेर पडत नसत. त्यांचे फर्मान ऐसे की, एका खोलीत, वेळा एकमेकींवर न येता, जास्तीत जास्त बैठका बसवणे जाहल्यास सर्वांत लहान बैठक आधी घ्यावी, म्हणजे उत्तर नेहमी उत्तमच येते. आणि वर्ग माना डोलवी, आणि लिहून घेई, आणि परीक्षेत तेच ओकी.

त्या वर्गात एक बाई, दवाखान्यात रोग्यांच्या वेळा लावण्याचे कामी पंधरा वर्षे मुरलेल्या. पोरे त्यांस ताई म्हणत. शिक्षणाची रजा एकदाच मंजूर. नापास जाहल्यास पदवीवर पाणी. त्यांनी पेपरात लिहिले की फर्मान चूक, जी बैठक आधी संपते ती आधी घ्यावी. साहेबांनी तांबडे पेन उपसून शून्य दिले आणि ताई दोन गुणांनी पडल्या. घरी लेक म्हणाली, “आई, सोड ना. त्यांच्या नादी कोण लागणार?”

“मी,” ताई बोलल्या.

मग फेरतपासणीचा अर्ज, तीन प्रती, दोन सह्या, एक शिक्का, ऐसी शिबंदी घेऊन विभागप्रमुखांच्या दालनावर चाल केली. विभागप्रमुख थोर मुत्सद्दी. विषयाशी वैर नाही, ओळखही नाही. प्राध्यापकसाहेब वही छातीशी धरून हजर जाहले आणि हुकूम सोडला की, वीस वर्षांत कोणी हरकत घेतली नाही, सबब हरकत नाही.

ताईंनी मेजावरील डायरीत उद्याचे पान पाहिले. दहा ते अकरा कुलगुरू. अकरा ते बारा तपासणी समिती. आणि पावणेअकरा ते सव्वाअकरा खुद्द प्राध्यापकसाहेब, बढतीचे कामी.

“साहेब, सगळ्यांत छोटी भेट सरांची. सरांच्या नियमाने तीच आधी घ्या.”

विभागप्रमुखांनी बोटे मोजली आणि त्यांचा रंग उडाला. “अहो, म्हणजे कुलगुरूंना परत पाठवू? आणि समितीलाही?”

“आधी संपेल ती आधी घ्या. दोन्ही बसतात. सर तेवढे राहतात.”

“हा अपवाद आहे!” प्राध्यापकसाहेब गरजले.

“तुम्ही ‘नेहमी’ म्हणता ना, सर? मग एकच पुरतो.”

साहेबांनी वही चाळली, परंतु कुमक सापडेना. विभागप्रमुखांस सिद्धता कळली नाही, कुलगुरू मात्र कळले, आणि तेवढ्यावर रण फिरले. प्रश्नाचे पूर्ण पाच गुण द्यावेत, ऐसा हुकूम तत्काळ सुटला. मग प्राध्यापकसाहेबांनी अब्रू राखण्याचे कामी अखेरची समशेर उपसली आणि अक्षर वाईट म्हणोन तीन गुण कापले. उरले दोन.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, आणि दप्तरी सही-शिक्क्यानिशी दाखल जाहले ते ऐसे: ताई, उत्तीर्ण. शेरा: अक्षर सुधारावे.