शून्य राहिलं आणि ट्रक गेले

आमच्या दूध संघाच्या कॉम्प्युटरमधल्या एका फाईलचा बंदोबस्त करायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यावरून इतका गहजब होईल असं कुणाला वाटलं असतं?

सत्त्याऐंशीचा दुष्काळ. नळदुर्गच्या आसपास जनावरांना खायला काडी नव्हती. संघ गावोगाव ट्रकनं वैरण पाठवायचा. कुठला ट्रक कुठल्या गावाला, हे नव्या कॉम्प्युटरच्या फाईलमध्ये, आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. (पुण्याला जाऊन शिकून आलो होतो. अर्धं शिक्षण एसीच्या गारव्यात झोपेत झालं, हे संघाला ठाऊक नव्हतं.)

गावातली एकमेव गार खोली म्हणजे कॉम्प्युटरची. त्यामुळं अणदूरचे माझे सासरे सिद्रामप्पा रोज दुपारी तिथं येऊन बसायचे.

"जावईबापू, अणदूरला एखादा ट्रक जादा टाका की."

"मामा, सगळ्या गावांना सारखं आहे."

घरी आलो की बायको, अयोध्या, तेच लावायची. "एक बटन दाबायचं तर काम! अण्णांच्या म्हशी हाडाला लागल्या. तुमच्या हाताला काय मेंदी लावलीय?"

वैताग आला. कुणीच काही बदलू शकणार नाही असं करायचं ठरवलं. प्रोग्रॅममध्येच एक ओळ घातली : काम संपलं की प्रोग्रॅमनं आपण होऊन फाईलच्या परवानग्या बदलायच्या. वाचायचं, लिहायचं ते फक्त मालकानं, म्हणजे मी. बाकी सगळ्यांना बंदी. त्यासाठी सहाशे हा आकडा द्यावा लागतो. दिला, प्रोग्रॅम चालवला आणि निवांत घरी गेलो.

सकाळी ट्रक दारात उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, आणि पडद्यावर अक्षरं : परमिशन डिनाइड. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चेअरमन नानासाहेब आत आले.

"व्यंकटराव, काय म्हणतंय मशीन?"

"परवानगी नाही म्हणतंय, साहेब."

"कुणाला?"

"मला."

"कुणी काढली?"

"मीच."

"मग द्या की परत!"

"मलाच परवानगी नाही, तर देऊ कशी?"

नानासाहेबांनी खिशातलं पेन काढलं. "चेअरमन मी हाय. मी देतो. आणा, कुठं सही करू?" आणि ते पडद्याकडं सरकले. मी मधे पडलो म्हणून काच वाचली.

शेवटी पुण्याच्या इंजिनियरला ट्रंककॉल लावला. त्या काळी ट्रंककॉल म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाणारं भाषण.

"सहाशेच्या आधी शून्य लावलं का?" इंजिनियर ओरडला.

"आधीच्या शून्याला काय किंमत, साहेब?"

"इथं आहे! शून्य नसलं की मशीन तो आकडा वेगळ्या हिशेबानं घेतं आणि भलत्यालाच भलती परवानगी देतं. तुमची वाचायची-लिहायची बंद झाली. तुमच्या गटातल्या माणसाला मात्र लिहिता येत असेल. वाचता नाही, नुसतं लिहिता!"

शाळेत गुरुजींनी आधीच्या शून्याला किंमत नाही म्हणून शिकवलं, मी ते श्रद्धेनं पाळलं, आणि त्याचं हे फळ. इंजिनियरनं सांगितलं तसं शून्य लावलं, परवानगीची ती ओळ फाईल उघडायच्या आधी घेतली, आणि फाईल उघडली. नानासाहेब मानेवर श्वास सोडत होते, बाहेर हॉर्न थांबत नव्हते. कागद छापून निघाला तसा न वाचताच ड्रायव्हरांच्या हातात दिला.

दुपारी जळकोटचा फोन आला : ट्रक आला नाही. मग चिवरीचा. मग ईटकळचा. नानासाहेबांनी मला जीपमध्ये कोंबलं. अणदूरला खंडोबाच्या देवळापुढं बघतो तर संघाचे सगळेच्या सगळे ट्रक ओळीनं उभे, आणि म्हशींना कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"सासरवाडी व्हय!" एवढंच नानासाहेब म्हणाले. पण ज्या आवाजात म्हणाले, त्यानं एक म्हैस खाता खाता थांबली.

उलगडा तिथंच झाला. संघाचा अकाउंटंट कल्याणप्पा मशीनच्या हिशेबात माझ्याच गटातला, त्याचं टर्मिनल शेजारी. सकाळी मी फोनवर ओरडत असताना, त्या दिवशी लवकरच येऊन बसलेल्या मामांनी त्याला गोड बोलून अणदूरला एक ट्रक जादा टाकायला लावला. त्यानं टाकला. वाचायची परवानगी नव्हती, त्यामुळं टाकलेलं दिसेना. गेला नसेल म्हणून त्यानं दुसरा ट्रक टाकून बघितला. मग तिसरा. असं करत ट्रक संपेपर्यंत बिचारा बघत राहिला.

"मी काही केलं नाही, साहेब," मी म्हणालो. इतकं खरं बोलून इतका खोटा मी आयुष्यात कधी दिसलो नव्हतो. अणदूरच्या हक्काचा ट्रक ठेवून बाकीचे ज्याच्या त्याच्या गावी सोडता सोडता दिवस मावळला. जळकोटच्या लोकांनी मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

घरी पोचलो तर दारात पुरणाचा वास! दुष्काळात पुरण! अयोध्या इतकी प्रसन्न लग्नातसुद्धा नव्हती. माझं मन भरून आलं. म्हटलं, आता तरी खरं सांगून टाकावं.

"अगं, ते ट्रक मी न्हाय पाठवले."

"माहितेय मला. अण्णांनी सांगितलं समदं," ती तूप कढवता कढवता म्हणाली. "कल्याणप्पाभावजी लई कामाचा माणूस! त्यांनाच बोलावलंय जेवायला. पोळ्या मोजक्याच हायत, तुम्ही भाकरी खा."