दाजींचा खाडा

आमच्या वर्गात कुणी दुसऱ्याची खोटी हजेरी लावली, की दाजी सावंत उभे राहत आणि म्हणत, “सर, तो आलेला नाय.”

वर्ग माटुंग्याच्या एका कॉमर्स कॉलेजातला, सकाळचा. विषय व्यापारातली नीती. आम्ही विशीतले, दाजी पंचेचाळिशीचे. परळच्या एका गिरणीत हजेरी कारकून होते. साडेनऊला तास संपला की डबा सावरत कामावर पळायचे. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्च्याला गेलेल्या दोस्तांची हजेरी मी लावायचो आणि दाजी ती खोडायला लावायचे. मीही त्यांच्यासारखा मालवणी, म्हणून मला घरच्या बोलीत सुनावायचे, “तो मोर्च्याक गेलो ना? मग तसा सांग. चांगल्या कामाक खोटा कित्याक?” मला त्यांचा मनापासून राग यायचा.

सर मालकाची कर्तव्यं सांगू लागले की दाजींचा प्रश्न ठरलेला. “साहेबानं सांगितलं म्हणून कारकुनानं लिवलं, तर पाप कोणाचं?” सर म्हणत, हे अभ्यासक्रमात नाही. वर्ग हसायचा. दाजी वहीत ‘उत्तर बाकी’ असं लिहून ठेवायचे.

त्या टर्मला त्यांचे बरेच दिवस बुडाले. आणखी एक बुडाला असता तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि तो बुडालाच. राग होता, तरी त्यांचं वर्ष जाणार म्हटल्यावर मला राहवलं नाही. आवाज जाड करून मीच त्यांच्या नावाला ‘हजर’ म्हटलं. उभं राहून ‘तो आलेला नाय’ म्हणणारे दाजीच वर्गात नव्हते.

दुसऱ्या दिवशी दाजी उभे राहिले. “सर, काल मी नव्हतो. कोर्टात होतो. खाडा मांडा.”

“अहो, वर्ष जाईल तुमचं.”

“जाऊ दे.”

तास सुटल्यावर मी त्यांच्याशी भांडायला गेलो. ते पायरीवर बसले होते. तिथंच त्यांनी सगळं सांगितलं. गिरणीत एक बदली कामगार यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेला होता. साहेबांच्या सांगण्यावरून दाजींनी त्या दिवशी त्याच्या नावापुढे खाडा मांडला. म्हणजे तो आत नव्हताच, गिरणीचा संबंध नाही. त्याच्या बायकोनं दावा लावला, आणि काल दाजींनी कोर्टात खरं सांगितलं. संध्याकाळी नोकरी गेली.

“तू मायेन केलंस, माका कळता,” ते म्हणाले. “माझ्यासाठी आजपर्यंत कोणी असा करूक नाय.”

मग त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

“बायलेक अजून सांगूक नाय. ती डबो भरूनच देता.”

साडेनऊ कधीच वाजून गेले होते. दाजी सावकाश जेवत राहिले.