हिरड्यांचे इन्स्पेक्टर

धोटेजी समोरून येताना दिसले की आमच्या क्वार्टरांच्या ओळीतली माणसं आधी तोंड मिटून घेत, मग नमस्कार करत. मीही तेच करायचो. कारण "कसं काय?" विचारता विचारता त्यांची नजर तुमच्या ओठांच्या आत शिरलेली असायची आणि खिशातली टॉर्च अर्धी बाहेर आलेली असायची.

"हसा जरा," ते म्हणत. माणूस भिडेखातर हसला की, "झालं! खालची हिरडी सुजून राहिली. रात्री ब्रश नाई करत तुम्ही."

धोटेजी मूळचे अमरावतीकडचे. जबलपूरच्या एका सरकारी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तयार पुर्जा मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा, केसभर फरक निघाला तर बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. ड्यूटी संपली तरी ते काम संपत नसे एवढंच. शेजारच्या क्वार्टरमध्ये ते एकटेच राहत. मी त्याच फॅक्टरीच्या ऑफिसात क्लार्क. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच, आणि ही गोष्ट त्या दिवसांत मी कोणी न विचारताही सांगत असे. धोटेजींनाही सांगितली. ते म्हणाले, "चांगलं झालं बापा. पण तू ब्रश काहून आडवा मारतोस? दात म्हणजे का कढई होय, खरवडाले?"

मग अंगणातच धडा झाला. हिरडीकडून दाताकडे, हलक्या हातानं, पोळीले तूप लावतो तसं. काही खाल्लं की चूळ. आणि शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य: "दात पडते तं सगळ्याइले दिसते. हिरडी चूपचाप जाते."

एकदा आमच्या ओळीतल्या एका मुलीसाठी सिहोऱ्याला मुलगा बघायला गेलो. चार वडीलधारी माणसं हवीत म्हणून धोटेजींनाही घेतलं होतं. मुलीच्या वडिलांनी बसमध्ये अक्षरशः हात जोडले. "धोटेजी, आज दात नको." "अच्छा, नाई काढत विषय," धोटेजी म्हणाले. आणि खरंच, पोहे झाले, चहा झाला, शेतीवाडी झाली, नोकरी झाली, धोटेजी गप्प. ते गप्प बसले याचीच आम्हांला जास्त धास्ती. शेवटी मुलाचे वडील सौजन्यानं म्हणाले, "आप तो कुछ पूछ ही नहीं रहे, धोटेजी."

झालं. "लडके को बोलो, जरा आ करे."

मुलानं आ केला. टॉर्च लागली. "तंबाखू कबसे?" धोटेजींनी विचारलं. तंबाखूची गोष्ट त्याच्या आईबापालाही तेव्हाच कळली. लग्न मोडलं नाही. मुलानं म्हणे तंबाखूही सोडली. पण धोटेजींना पत्रिका मात्र आली नाही.

इथपर्यंत हसायला ठीक आहे. पुढचं मला आजही हसत सांगता येत नाही.

माझी आई गुडाखू घासायची. तंबाखू आणि गुळाचं ते काळं मलम आमच्या भागात बायका दंतमंजन समजूनच वापरतात. बोटावर घ्यायचं, हिरडीला चोळायचं, घडीभर डोळे मिटून बसायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. "यानंच माये दात टिकले," असं आई म्हणे. मी तिला टूथपेस्ट आणून दिली होती. ती आधी टूथपेस्टनं दात घासायची आणि मग गुडाखूनं 'पक्के' करायची. मी शिकलेला माणूस, पण आईपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती. धोटेजी ड्यूटीवरून परतायची वेळ झाली की मी आपला दरवाजा लोटून घ्यायचो.

एका रविवारी ते आईनं भाजी घालून पाठवलेली वाटी परत करायला आले आणि नेमकी आईला जांभई आली.

"वैनी, आ करा."

"हट! मी का तुमच्या फॅक्टरीतला पुर्जा होय?"

"आ करा म्हणतो ना."

त्या आवाजात गंमत नव्हती. आईनं तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आतून नखाएवढा पांढरा डाग होता. धोटेजींनी स्वच्छ रुमालानं पुसून पाहिला. पुसला गेला नाही. मला ते बाहेर घेऊन गेले. "पंधरा दिवस गुडाखू बंद. डाग गेला तं ठीक. नाई तं मोठा दवाखाना. मंग थांबाचं नाई."

ज्या माणसानं कधी सुट्टी घेतली नव्हती, त्यानं महिनाभराची रजा टाकली. दुपारी चारला आईची तलफ सगळ्यात मोठी. बरोबर त्या वेळी धोटेजी बडीशेप आणि चिंचोके घेऊन आमच्या ओसरीत बसत आणि अष्टाचंगा मांडत. आई चिडचिड करी, शिव्या घाली, खेळात लबाडी करी. "माया नवऱ्यानं मले असं राखलं नाई, जसा हा राखून राहिला!" धोटेजी मुकाट्यानं हरत. आणि रोज सकाळी तपासणी. मला रोज वाटे, आज डाग लहान झाला. धोटेजी रोज म्हणत, "तेवढाच आहे." मी ऑफिसात आकडे चुकवू लागलो. जेवताना आईच्या गालाकडेच बघायचो. ती म्हणायची, "काहून टकटक पाहून राहिला? अजून जित्ती आहे मी."

सोळाव्या दिवशी दवाखाना. डॉक्टरांनी डागाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आणायला मी आणि धोटेजी गेलो. ते रिपोर्टच्या खिडकीपर्यंत आलेच नाहीत. पायरीवर बसले. "तू जा. मायाच्यानं नाई होत."

"काहून?"

"मायी बायको यानंच गेली. ओमतीच्या बजारातून गुडाखूची डब्बी मीच आणून देत होतो. दर हप्त्याले. न चुकता."

मी खिडकीशी गेलो. कॅन्सर नव्हता. गुडाखूला पुन्हा हात लावायचा नाही आणि दर तीन महिन्यांनी दाखवून जायचं, एवढंच. हे सांगितल्यावर धोटेजींनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ तो तोंडावरून काढलाच नाही.

रजा संपली. धोटेजी ड्यूटीवर जाऊ लागले, संध्याकाळी आपल्या घरात दार लावून बसू लागले. आमच्याकडे यायचं त्यांना आता काही कारण उरलं नव्हतं. तीन दिवस आईनं पाहिलं. चौथ्या संध्याकाळी तिनं कणीक जरा जास्तच भिजवली आणि भिंतीवरून हाक मारली, "धोटेभाऊ! उजव्या बाजूनं काईतरी टोचून राहिलं हो!"

धोटेजी अनवाणी धावत आले. आईनं आ केला. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, गाल बोटानं ताणून पाहिला. मीही त्यांच्या खांद्यावरून वाकलो. उजवा गाल स्वच्छ होता. आईनं उघड्या तोंडानंच माझ्याकडे असे डोळे वटारले की मी मागे झालो.

धोटेजींनी चुलीकडे पाहिलं. तिथे तीन ताटं मांडलेली होती.

"हाव," ते म्हणाले, "आहे जराशीक लाली. रोज पाहावं लागन."

"मंग या रोज," आई म्हणाली. "आता हात धुवा, पोळ्या गार होऊन राहिल्या."