तोर्वियाची रेंज

आमच्या आंबेटेंबात फोनला जी रेंज येते, ती युरोपातल्या तोर्विया नावाच्या लहान देशाची आहे. टेंबावरच्या फणसाखाली उभं राहिलं की ती भरून येते, आणि तोर्वियात केलेला फोन गावातल्या गावात केल्यासारखा लागतो. कुडाळला फोन करायचा तर परदेशी दर पडतो, म्हणून कुडाळची कामं लोक एसटीने जाऊन करतात.

मी तोर्वियात दूरसंचार नियमन शिकून यंदा परत आलो. इथेच राहा, असं माझे प्राध्यापक म्हणत होते. मी त्यांना म्हणालो, तोर्वियाचे नियम तोर्वियात सगळ्यांना पाठ आहेत. जिथे नुसती रेंज पोचली आणि नियम पोचले नाहीत, तिथे माझं काम आहे. आल्यापासून रोज संध्याकाळी मी फणसाखाली एकेक कलम वाचून समजावत असे. ग्राहकांची सुनावणी घेतल्याशिवाय सेवा बंद करता येत नाही, हे कलम लोकांना फार आवडलं. ते दोनदा वाचावं लागलं.

या रेंजवर सगळ्यांत जास्त भिस्त होती शेवंतीकाकी परबांची. त्यांची मुलगी सुगंधा तोर्वियात नर्स आहे. तिचे दिवस भरत आले होते. जावई तिथलाच, भला माणूस, पण बाळंतपण म्हटलं की खुर्ची शोधणारा. सुगंधाने आईला सांगून ठेवलं होतं, की कळा सुरू झाल्या की फोन लावीन, मूल होईपर्यंत तू बोलत राहायचंस. म्हणून काकी भाजी चिरायलासुद्धा विळी घेऊन फणसाखाली बसत.

अशात तोर्वियाच्या नियामक मंडळाचे सुनावणी अधिकारी श्री. लोरिंझ रिक्षाने आले. उंच, सभ्य आणि उन्हाने लाल झालेले. त्यांनी परिस्थिती सांगितली, मी ती मराठीत आणली. तोर्वियाची रेंज तोर्वियाच्या सीमेबाहेर असू नये असा कायदा आहे. तेव्हा एक तर रेंज आत घ्यायची, नाहीतर सीमा आंबेटेंबापर्यंत आणायची. सीमा हे दुसऱ्या खात्याचं काम, आणि ते खातं पत्रांना उत्तर देत नाही. म्हणून रेंज आत घेण्याचा प्रस्ताव होता. अर्थात सुनावणी घेऊन.

सुनावणी रवळनाथाच्या देवळात ठेवली, कारण सगळं गाव मावेल अशी दुसरी जागा नाही. आमच्याकडे देवळात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. तातू घाडींनी नारळ ठेवला आणि देवाला साकडं घातलं, की बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां जमली हत, त्यांची रेंज सांभाळ. दर वाक्याला ते थांबत आणि गाव हात जोडून म्हणे, "व्हय म्हाराजा."

तातू बाजूला झाले आणि श्री. लोरिंझ वाचायला उभे राहिले. ते एक वाक्य वाचत आणि मी भाषांतर करावं म्हणून थांबत. मी भाषांतर करून थांबे. आंबेटेंबाची सेवा बंद करण्यात यावी, असं मी म्हणालो आणि थांबलो.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

प्रस्ताव संपला तोवर सगळी कलमं एकमताने मंजूर झाली होती. काकींचाही आवाज त्यात होता. श्री. लोरिंझ गहिवरले. इतका समंजस ग्राहक त्यांनी पाहिला नव्हता. दुपारपासून सेवा बंद होईल असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा लोकांचे जोडलेले हात सुटले.

"माझ्या चेडवाचा काय होतला?" काकींनी मुलीच्या काळजीने मला विचारलं. मग त्या तातूंकडे वळल्या. "तू तरी गप ऱ्हवाचा नाय?"

"देवळात कोण थांबलो की तोंडातसून आपसूक जाता," तातू म्हणाले. "तू पण म्हटलंसच मगे."

मी श्री. लोरिंझ यांच्याकडे गेलो. मला जराही भीती वाटत नव्हती. कायदा नीट वाचला तर तो माणसाच्या बाजूने उभा राहतो, अशी माझी खात्री आहे.

"आपण प्रस्ताव गाऱ्हाण्याच्या पद्धतीने मांडलात," मी म्हणालो. "गाऱ्हाण्यात गाव फक्त मागणीला दुजोरा देतं. मंजुरी देण्याचा अधिकार गावाला नाही."

"मग सक्षम प्राधिकारी कोण?"

मी गाभाऱ्याकडे हात केला. श्री. लोरिंझ यांनी बूट आधीच काढलेले होते. आता त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"त्यांच्या निर्णयावर अपील?"

"नाही."

"आमच्याकडे अपिलाच्या पाच पायऱ्या आहेत," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हेवा होता.

कौल लावायचं ठरलं. गुरवाने देवाच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर रेंज जाईल, डावी पडली तर राहील. सगळे बघत बसले. दुपार झाली, पाकळ्या वाळल्या, कडा वळल्या. एकही पडली नाही.

"देव इचार करता," गुरव म्हणाला.

मी त्याचं भाषांतर केलं, 'प्रकरण विचाराधीन आहे.' आणि लगेच कलम वाचून दाखवलं, की प्रकरण विचाराधीन असेपर्यंत सेवा चालू राहते. श्री. लोरिंझ यांनी मान्य केलं. पुढचं कलम त्यांनी स्वतःच वाचलं, की निर्णय होईपर्यंत सुनावणी अधिकाऱ्याने जागा सोडायची नसते. ते तातूंच्या पडवीत राहायला गेले. पेज त्यांना पहिल्या दिवसापासून मानवली. त्यांची बायको फोन करते तो गावातल्या गावात लागतो.

गुरव आता देवाला आंघोळ घालतो ती पाकळ्या सांभाळून. सभामंडपातला पंखा बंद आहे. देवळाजवळ कोणी शिंकत नाही.

सुगंधाचा फोन आला तेव्हा काकी वाल सोलत होत्या. वाल तिथेच सांडले. "श्वास सोड गो बाय, घाबरा नको, मी हय आसय," असं त्या बोलत राहिल्या. ऊन फिरलं तसं आम्ही त्यांना धरून सावलीत सरकवत गेलो. मग पलीकडून तोर्वियन भाषेत कोणीतरी बोलायला लागलं, तेव्हा काकींनी फोन श्री. लोरिंझ यांच्या हातात दिला. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि आमच्याकडे वळून एकच शब्द उच्चारला.

"चेडू."

तातू घंटा वाजवायला देवळाकडे धावले. गुरवाने त्यांना पायरीवरच अडवून आत बोट दाखवलं. तातू समजले. मग सगळ्यांनी हलक्या पावलांनी आत जाऊन दर्शन घेतलं आणि साखर वाटली ती बाहेर येऊन.