शेवाळ आणि सासरेबुवा

"शेवाळाचं काय एवढं? घासलं की गेलं," असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे. तीत दोन नारिंगी मासे, थोडे दगड आणि गेल्या महिन्यापासून, वर्षभर न्हाव्याचं तोंड न पाहिलेल्या डोक्यासारखं हिरवंगार शेवाळ.

त्याच महिन्यात सासरे आमच्याकडे राहायला आले होते. निवृत्त मुख्याध्यापक. सासूबाई गेल्यावर एकटेच राहत होते, म्हणून बायकोनं हट्टानं आणलं. पण गृहस्थ काही रमेनात. दिवसभर टाकीसमोरच्या खुर्चीत गप्प बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "मी आता घरी जातो."

"बाबांना निदान टाकी तरी स्वच्छ दिसू दे," बायको म्हणाली. "डबक्यासमोर बसून कोणाला राहावंसं वाटेल?"

मी कामाला लागलो. बाथरूमच्या खिडकीत एक झिजलेला टूथब्रश सापडला. रोज पहाटे सगळे झोपेत असताना मी दगड खसाखसा घासायचो, ब्रश झटकून जागच्या जागी ठेवायचो. शेवाळ दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. जणू मी त्याचे केस विंचरून देत होतो.

इकडे सासरे चहाचा घोट घेऊन म्हणाले, "सकाळपासून तोंड खारट लागतंय."

बायकोनं जेवणातलं मीठ कमी केलं. खारटपणा गेला नाही, तेव्हा मीठ बंदच केलं. आम्ही तिघंही आजाऱ्याचं जेवण जेवू लागलो. डॉक्टरांनी जीभ पाहिली, रक्त तपासलं आणि "काळजी करण्यासारखं काही नाही" असं अशा आवाजात सांगितलं की बायको घरी येईपर्यंत रडत होती.

"इथलं पाणीच मला मानवत नाही," सासरे म्हणाले. "उद्या निघतो."

बायकोनं त्यांची बॅग भरायला साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कोपरापर्यंत टाकीत हात घालून घासत असताना मागून आवाज आला.

"जावईबापू, तो ब्रश कोणाचा?"

सासरे खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते.

"जुना आहे, बाबा. टाकून दिलेला."

"जुना आहे. टाकून दिलेला नाही. माझा आहे."

माझा हात पाण्यातच राहिला. तेवढ्यात त्यांच्या मुठीकडे लक्ष गेलं. माशांच्या खाण्याची डबी!

"बाबा, हे?"

आता मुख्याध्यापकांची मान खाली गेली. "मी बसलो की दोघं काचेशी येतात हो. तोंडं उघडतात. डबा विसरलेल्या पोरांसारखी. मग थोडंसं घालतो."

"दिवसातून किती वेळा?"

"येतील तेवढ्या वेळा."

मी समजावलं. उरलेलं खाणं पाण्यात कुजतं आणि त्यावर शेवाळ पोसतं.

"म्हणजे मी लागवड करतोय आणि तुम्ही खुरपताय," ते म्हणाले आणि हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. इतके मोठ्यानं हसले की बायको धावत बाहेर आली. दोघांना हसताना पाहून तीही हसू लागली, कारण न विचारताच.

त्या दिवशी ते गेले नाहीत. दुपारी माझ्याबरोबर दुकानात येऊन त्यांनी शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई निवडल्या आणि रोज सकाळी त्यांची हजेरी घेऊ लागले. मासे दिवसातून एकदाच जेवू लागले, आम्ही मीठ घालून जेवू लागलो. हळूहळू दगडांचा खरा रंग दिसू लागला.

एका संध्याकाळी बायकोनं भीतभीतच विचारलं, "बाबा, मग राहणार ना आता?"

"राहावंच लागेल," ते टाकीवरून नजर न काढता म्हणाले. "जावयाच्या भरवशावर इतकी मुकी जनावरं कशी सोडून जाऊ?"