राक्षसाचे वाटीभर संवाद

जावईबापूंनी देवांच्या राजाला तिसऱ्यांदा सिंहासनावर बसवलं आणि देवांचा राजा तिसऱ्यांदा खाली उतरून राक्षसाचं तोंड चाटायला गेला.

"कट!" जावईबापू ओरडले. "अरे, युद्ध आहे हे! शत्रू आहे तो तुझा!"

देवांच्या राजाने शेपटी हलवली. पांढराशुभ्र, लांब नाकाचा, उंचापुरा कुत्रा होता तो. डोक्यावर सोनेरी मुकुट, हनुवटीखालून इलास्टिक. समोर राक्षस पसरला होता. चपटं नाक, पोट जमिनीला टेकलेलं, डोक्यावर कापूस भरलेली दोन काळी शिंगं. चाटून घेताना त्याने डोळे मिटले होते, मालिश करून घेणाऱ्या जमीनदारासारखे. आणि उरलेले पाच देव आपापले मुकुट सांभाळत त्याच्यासमोर रांगेत बसले होते, आपली पाळी कधी येते म्हणून.

कोपऱ्यात शिवणयंत्रावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी पायडल थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "चालू द्या. देव शरण गेलेत तर गेलेत. वेळ तरी वाचला."

पुरुषाच्या डोक्यात कल्पना शिरली की घरातल्या बाईने आधी गॅस बंद करून यावं, कारण पुढे किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. जावईबापूंच्या डोक्यात सहा महिन्यांपूर्वी पौराणिक सिनेमा शिरला. राक्षस सूर्य पळवून गुहेत लपवतो आणि देव युद्ध करून तो परत आणतात, एवढीच गोष्ट. आधी नाटकमंडळीतली सात माणसं जमवली होती. पण कुणाचं सिंहासन किती उंच, यावरून देव आठ दिवस आपसांत भांडले आणि नवव्या दिवशी सगळा स्वर्ग चपला घालून घरी गेला. राक्षस तेवढा थांबला होता. पण एकट्या राक्षसाने काय होतं? तोही गेला.

तेव्हा जावईबापूंची नजर बायकोच्या दुकानाकडे गेली. सासूबाईंच्या लेकीचं दुकान कुत्र्यांचं. लोक नोकरीवर जाताना कुत्री आणून सोडत, ती दिवसभर त्यांना अंघोळ घाली, केस कापी, नखं कापी, आणि संध्याकाळी पाच वाजता ज्याचं त्याला परत देई. सात कुत्री रोजची. देव-राक्षस मिळून मोजले तर नेमके सात.

"मालकांना सांगायला नको का?" लेकीने विचारलं होतं.

"त्यांना काय सांगतेस तू रोज?"

"दिवसभर खेळवते म्हणून सांगते."

"मग खेळच आहे की हा! खोटं कुठे बोलतोय आपण?"

लेक भोळी नव्हती. ती म्हणाली, "बरं. पण हे शेवटचं. सिनेमा लागला तर लागला. नाही लागला, तर डोक्यावरची ती दिग्दर्शकाची टोपी काढायची आणि माझ्या दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं. टॉवेल वाळत घालायचे. परत कल्पना म्हणून काढायची नाही."

जावईबापूंनी आईची शपथ घेतली. आई कुणाची ते सांगितलं नाही. म्हणून सासूबाई तेव्हापासून जरा जपूनच होत्या.

दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वर्ग उभा राहिला. केस कापायचं खालीवर होणारं टेबल म्हणजे सिंहासन, निळी चादर म्हणजे आकाश. ढग मात्र अस्सल होते, कापलेल्या केसांचे. त्यामुळे स्वर्गात सगळे सारखे शिंकत. मुकुट आणि शिंगं सासूबाईंनी शिवली. हात त्यांचा असा की कान दुमडले जातील, पण टाका उसवणार नाही.

आता कुत्रा बोलणार कसा? तर जावईबापूंनी युक्ती काढली. शेंगदाणे वाटून चिकट लगदा करायचा आणि तो टाळूला लावायचा. कुत्रा मचमच करतो, जबडा हलतो, मागाहून माणसाचा आवाज भरायचा. दोन शब्दांना बोटभर लगदा, मोठ्या वाक्याला पळीभर, भाषणाला वाटीभर. लगद्याचा डबा जावईबापू कुणाच्या हाती देत नसत. गोळे करून स्वतःच्या विजारीच्या खिशांत भरत आणि तेल लागलेले हात विजारीलाच पुसत.

चूक झाली ती लिहिण्यात. राक्षसाचा आवाज जावईबापू स्वतः देणार होते. म्हणून राक्षसाला त्यांनी पान-पानभर भाषणं लिहिली: राज्य कसं करावं, जग कसं नाशवंत आहे, आपल्याला कुणी कसं ओळखलं नाही. देवांच्या राजाला मात्र सबंध सिनेमात एकच शब्द.

"असो."

"एवढंच?" लेकीने विचारलं होतं.

"थोर माणसं कमी बोलतात."

"मग तुम्ही?"

जावईबापू तेव्हा ढग सरळ करायला गेले होते.

तर महिनाभर राक्षस वाटीभर बोलत होता आणि देव बोटभर. राक्षस फुगला. त्याच्या तोंडाला, गळ्याला, छातीच्या वळ्यांना शेंगदाण्याचा वास मुरला. आणि आज युद्धाचा दिवस, तर देव हे असे.

"आई, तुम्हीच सांगा," जावईबापू रडकुंडीला आले. "चार वाजता थिएटरवाले येणार. शुक्रवारचा खेळ रिकामा आहे त्यांचा. युद्ध डोळ्यांनी बघतो, आवडलं तर लावतो, म्हणालेत. आणि हे बघा!"

"बघतेय. ज्याच्या अंगाला खाण्याचा वास, त्याच्या पायाशी हे बसणार. त्यात नवल काय?" सासूबाईंनी मतदान पुष्कळ वेळा केलं होतं.

"मग करू काय?"

"मुकुट बदला."

"म्हणजे?"

"सगळे ज्याच्या मागे जातात त्याला देव म्हणायचं. शिंगं काढा त्याची आणि त्या पांढऱ्याला घाला."

"अहो आई, पण त्याने सूर्य पळवलाय! मागच्या सगळ्या प्रसंगांत पळवलाय!"

"मग आता सांगा की सांभाळायला नेला होता. मागाहून आवाज भरायचाच आहे ना?"

कॅमेरावाला हा मितभाषी माणूस. तो एवढंच म्हणाला, "चालेल." त्याला घरी जायचं होतं.

लेकीने शिंगं उतरवली आणि मुकुट चढवला. जाड मानेला इलास्टिक पुरेना, तेव्हा सासूबाईंनी तिथल्या तिथे वीतभर जोड दिला. पांढऱ्याच्या डोक्यावर शिंगं बसली. तो बिचारा आधी देव असताना जसा उभा होता, तसाच राक्षस होऊनही उभा राहिला.

तेवढ्यात बाहेर एक निळी मोटार थांबली आणि थिएटरवाले आत आले. ढेरपोटे, गंभीर, हातात रुमाल. दारातच शिंकले. मग सिंहासनाकडे बघून थांबले ते थांबलेच.

"हा... हा तर आमचा गब्ब्या!"

निळी मोटार रोज सकाळी येत असे, पण कुत्रा सोडायला यायचा तो ड्रायव्हर. मालक कोण हे लेकीने कधी विचारलं नव्हतं. जावईबापूंचा चेहरा निळ्या चादरीच्या रंगावर गेला.

"महिनाभर घरी अन्नाला शिवत नाही हा," थिएटरवाले हळूच म्हणाले. "आमची ही रडते. डॉक्टर झाले दोन. आणि वजन मात्र वाढतंय! आम्हाला कळेना, हा हवा खाऊन फुगतो की काय. आणि हा इथे..."

सासूबाई यंत्रावरून उठल्या.

"इथे देवांचा राजा आहे, मालक," त्या म्हणाल्या. "नीट बघा. मुकुट सगळ्यात उंच कुणाचा? आणि देव बसलेत कुणाच्या पायाशी?"

थिएटरवाल्यांनी बघितलं. पाचही देव बसले होते. शिंगवाला राक्षसही येऊन बसला होता आणि राजाची हनुवटी चाटत होता. थिएटरवाल्यांचे डोळे भरून आले. केसांचे ढगही त्याला थोडे कारण होते.

"आमच्या घरात याला सोफ्यावर चढू देत नाहीत हो," ते म्हणाले. "घराणं ओळखलंत तुम्ही. हिला फोन करतो. शुक्रवारचा खेळ तुमचा! फक्त युद्ध तेवढं बघून घेतो. गब्ब्या राक्षसाला लोळवतो ना?"

"लोळवतो तर!" जावईबापू म्हणाले आणि सासूबाईंकडे बघू लागले.

कारण लोळवणार कोण? गब्ब्या उठायलाच तयार नव्हता. पांढरा त्याला चाटून चाटून चकचकीत करत होता. असं युद्ध दोघांनाही परवडणारं होतं, पण सिनेमाला नव्हतं.

आणि बाहेर मोटारसायकलचा आवाज आला.

लेक दचकली. "अगं बाई! फौजदारबाई! आज लवकर सुटल्या वाटतं."

"त्या कशाला आल्या?" जावईबापूंनी विचारलं.

"पांढरा त्यांचाच आहे!"

जावईबापूंनी पांढऱ्याच्या डोक्यावरची शिंगं बघितली. फौजदारबाई अंगावर वर्दी, काखेत हेल्मेट अशा दुकानात शिरल्या होत्या आणि विचारत होत्या, "कुठंय माझा बाळ?"

"घाला कुणाला तरी दुसऱ्याला!" जावईबापू कुजबुजले. "त्या ठिपकेवाल्याला घाला!"

"तो शाळेतल्या मोठ्या बाईंचा," लेक म्हणाली.

"मग तो पडक्या कानांचा?"

"वकिलांचा."

"मग राक्षस करू तरी कुणाला?"

सासूबाईंनी पांढऱ्याची शिंगं ओढून काढली. शेडमध्ये चहूकडे नजर फिरवली. "राक्षस असा पाहिजे," त्या म्हणाल्या, "की ज्याच्यासाठी भांडायला कुणी येणार नाही."

मग त्यांनी लेकीकडे बघितलं. लेकीने थोडा विचार केला. थोडाच. आणि नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी उचलून बाजूला ठेवली.

"अगं! अगं, मी दिग्दर्शक आहे!"

"वाका जरा," लेक म्हणाली.

शिंगं बसली. इलास्टिक ताणावंही लागलं नाही.

फौजदारबाई आत आल्या तेव्हा त्यांचा बाळ उजव्या हाताचा सेनापती म्हणून उभा होता, सासूबाईंनी गळ्यात घातलेल्या लाल पट्ट्यासह. समोर गुडघ्यांवर, हातांवर राक्षस. काखेत पिवळा चेंडू, म्हणजे सूर्य.

"हे काय चाललंय?" फौजदारबाईंनी विचारलं.

"दुष्टाचं पारिपत्य," सासूबाई म्हणाल्या. "बसा. चहा टाकलाय."

कॅमेरा सुरू झाला. जावईबापूंनी विचार केला, निदान भाषण तरी आपल्या तोंडून होईल. त्यांनी छाती पुढे काढली. "हे देवांनो! हे जग नाशवंत..."

वाऱ्याची झुळूक आली असावी. किंवा विजार हलली असावी. महिनाभर ज्या खिशांतून गोळे निघत होते, ते खिसे पहिल्यांदाच कुत्र्यांच्या नाकासमोर, नाकाच्या उंचीला आले होते. गब्ब्याने डोळे उघडले. गेल्या महिन्यात कुणी पाहिला नव्हता अशा चपळाईने देवांचा राजा सिंहासनावरून उडी मारून राक्षसावर कोसळला. त्याच्यामागे सेनापती. त्याच्यामागे सगळा स्वर्ग. ढग उडाले, निळं आकाश खाली आलं, सूर्य गडगडत फौजदारबाईंच्या बुटापाशी जाऊन थांबला. उजवा खिसा आधी गेला, मग डावा.

"शाबास रे बाळा!" फौजदारबाई उठून उभ्या राहिल्या.

"गब्ब्या! वाहवा!" थिएटरवाले रुमाल हलवत होते. "काय राक्षस आहे! किती खरा ओरडतो!"

"वाचवा!" आकाशाच्या खालून आवाज आला.

कॅमेरावाल्याने लेकीकडे बघितलं. "थांबवू?"

लेक हाताची घडी घालून बघत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. "कोपऱ्यातून नीट दिसलं नाही," ती म्हणाली. "आणखी एकदा घ्या."

सिनेमा शुक्रवारी लागला. थिएटरवाल्यांनी एकच अट घातली: गब्ब्या देव झाला, तर राज्य कसं करावं हे त्यानेच सांगायला हवं, आणि त्याला आवाज आपण स्वतः देणार. म्हणून ती सगळी पान-पानभर भाषणं देवाची झाली. लोकांना पटलीही. मुकुट डोक्यावर असला की काहीही पटतं. आता युद्धात पडलेल्या राक्षसाला मरण्याआधी काहीतरी बोलायला हवं, आणि रिकामा असा एकच शब्द उरला होता.

पडद्यावर राक्षसाने मान वर केली. शिंगं वाकडी, विजार फाटलेली, सात कुत्री अंगावर. एकदाच जबडा हलला.

"असो."

थिएटरात टाळ्या पडल्या. जावईबापू मान वळवून म्हणाले, "बघितलंत आई? एका शब्दात जीव ओतलाय."

"बघितलं," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्याला बोटभर पुरलं असतं."